तुआनचं नाव कोणी कापलं

रवि. १४ फेब्रु. २०१०, हायडेलबर्ग
व्हिएतनामी नववर्ष. मानहाइमच्या विहारात गेले. बाबा फोनवर विचारत असतात, वंदनेला जागा मिळाली का. मिळाली. स्वयंपाक लानमावशींचा. साठीला टेकलेल्या, हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरी. माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकला (१९७९ साली बोटींतून पळालेल्या व्हिएतनामी लोकांना कोणी घ्यायचं, यावर बॉनच्या पश्चिम जर्मन सरकारची आणि मलेशियाची बोलणी) आणि हातातला डाव खाली ठेवला. "मी त्यातलीच."
त्या आणि तान्ही मुलगी माय जर्मन विमानात बसल्या. नवरा, तुआन, मलेशियाच्या छावणीतच राहिला. म्हणाला होता, जर्मनांनी माझं नाव कापलं, पुढच्या यादीत येईन. पुढे पत्रही नाही. त्या रागानं मावशींनी आजवर जर्मन पासपोर्ट घेतला नाही.
"फायलीत बघ. कोणी कापलं, तेवढं मला सांग."

गुरु. ४ मार्च, बर्लिन
मावशींची फोलमाख्ट, म्हणजे सहीचं अधिकारपत्र, दाखवून आर्काइव्हमध्ये. तीस वर्षं उलटली, फायली आता खुल्या. दिवसभर जुन्या तारा वाचल्या. मलेशिया म्हणते, आधी किती माणसं नेणार ते लिहून द्या. बॉन म्हणतं, आधी बोटी परत समुद्रात ढकलणं थांबवा. सगळं अतिशय सभ्य भाषेत. आकडे वर-खाली. माणसाचं नाव एकही नाही.
नवऱ्याची, संजयची, फार आठवण आली. नागपूरला आता रात्र, कॉलेजातून येऊन एकटाच जेवला असेल.

शुक्र. ५ मार्च
सापडलं. छावणीतली यादी. लान, माय, तुआन. तिघंही मंजूर. तुआनच्या नावावर रेघ, आणि मागे जोडलेला अर्ज. इंग्रजीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. आईवडिलांची बोट अजून यायची आहे, मी त्यांच्यासाठी थांबतो. बायको-मुलीला आधी न्या. बायकोला हे सांगू नये. खाली त्याची सही.
पुढे काही नाही. फाइल तिथेच संपते.
संजयला फोन. म्हणाला, "नको दाखवूस. तीस वर्षं त्या रागाच्या आधारानं काढलीत त्यांनी."
"मग खोटं सांगू?"
त्यानं उलट विचारलं, "त्यांच्या जागी तू असतीस तर तुला कळायला हवं असतं?"
हो. हवं असतं.

रवि. १४ मार्च
सांगितलं. विहाराच्या किचनमध्ये, तांदूळ धुता धुता ऐकलं त्यांनी. झेरॉक्सवरची सही बघितली, कागद ओला होऊ नये म्हणून लांब धरून.
"मला सांगितलं असतं तर मी विमानात बसलेच नसते."
"म्हणूनच नसेल सांगितलं."
"गेनाऊ," म्हणाल्या, म्हणजे अगदी तसंच. मग एकदम, "पण विचारायचं तरी. मी काय लहान होते?" आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ धूतच राहिल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं.

शनि. २० मार्च
मावशी माझ्या खोलीवर आल्या, मायला घेऊन. कोट न काढताच विचारलं, "छावणीत आणखी कुठल्या देशांचे साहेब यायचे?" कॅनडा, ऑस्ट्रेलिया, असं सांगितलं. तुआनला तिकडे नेलं का, हे विचारायचे दोन्हीकडचे फॉर्म काढले. बाकीचं मी भरलं. 'नातं' या रकान्याशी थांबले.
माय जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, तीस वर्षं झाली. त्याचं दुसरं घर असेल."
"असेल."
पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. पत्नी.

सोम. २६ एप्रिल
ऑस्ट्रेलियाचं उत्तर आलं. अशी नोंद नाही. कॅनडाचं अजून नाही. मावशींना फोन केला. "हं," म्हणाल्या. लाइन चालू होती, मागे भांडी वाजत होती. मी ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या,
"कॅनडात आत्ता थंडी किती असते गं?"