सगळे फोटो एका डब्यात

३ सप्टेंबर
ठरलं. क्लाउडवाल्यांना दरमहा भाडं भरणं बंद. फोटो आपले आणि भाडं त्यांना? घरच्या वायफायला जोडायचा डिस्कचा डबा आणायचा आणि लेक शिन-याच्या जन्मापासूनचे सगळे फोटो त्यात ठेवायचे. नोव्हेंबरात तिचं लग्न. जेवणावळीत वधूवरांचं लहानपण पडद्यावर दाखवतात, त्यासाठी लेकीचे फोटो मीच देणार, असं जाहीर केलं. बायको यू-फेन काही बोलली नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

११ सप्टेंबर
तुलना चालू. चार डिस्कवाला उत्तम, पण महाग. दोनवालाही उत्तमच, असं आता माझं मत झालंय. ऑफिसातला आ-खुन म्हणाला, डबा कुठलाही घे, डिस्क मात्र नव्या घे. तो नुसता मशीन दुरुस्त करतो. मी हिशेब विभागात आहे.

१९ सप्टेंबर
डबा आणला. डिस्क जुन्या, पण एकाच मशीनमधून निघालेल्या, सख्खी भावंडंच. एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरतं. एक गेली तर दुसरी आहे. यू-फेनने विचारलं, दोन्ही गेल्या तर? तिचं माहेरच निराशावादी.

२८ सप्टेंबर
सगळे फोटो चढवले. कॉम्प्युटरवरचे पुसले. घरच्यांना फोनमधले पुसायला लावले. यू-फेनला क्लाउड बंद करायला सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, देव्हाऱ्यावरचा सासऱ्यांचा फोटो तरी राहू देणार ना? टोमणा होता. लक्ष दिलं नाही.

६ ऑक्टोबर
एक राहिलंच होतं. नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट. आमच्या ऑफिसात ते ठेवल्याशिवाय एकही मशीन सुरू करत नाहीत. हिरवं पाकीट असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं. (पिवळं चुकूनही नाही, मुदत संपलेलंही नाही.) आ-खुन एकच ठेवतो. मी तीन आणली, लेकीच्या लग्नाचा प्रश्न आहे. डब्यावरच्या जाळीवर अगदी फिट्ट बसली. मुदतही पुढच्या वर्षापर्यंत.

९ ऑक्टोबर
पंख्याची घरघर पूर्ण थांबली. पाकिटांचा गुण.

१५ ऑक्टोबर, दुपार
डब्याला हात लाववत नाही इतका तापलाय. काही उघडत नाही. दोन्ही भावंडं एकदमच गेली. पाकिटांची मुदत पुन्हा पाहिली, चालू आहे. मग माझं काय चुकलं? आ-खुनने विचारलं, हवा जायच्या जाळीवर कोण ठेवतं पाकिटं? शेजारी ठेवतात म्हणे. इतकी वर्षं एका कंपनीत काढली, कधी बोलला नाही. माणसं ओळखताच येत नाहीत.

२२ ऑक्टोबर
दुरुस्तीवाल्याने हात टेकले. शिन-याचं पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस, आजोबांच्या खांद्यावर बसून कंदील बघणारी ती. सगळं गेलं. सांगायला तिला फोन लावला. ती खुशीत होती. तिकडे पाऊस आहे का विचारलं आणि ठेवला. मग खूप रडलो. यू-फेनने का म्हणून विचारलंही नाही.

३० ऑक्टोबर
लग्नाआधी सांगायलाच हवं. उद्या.

५ नोव्हेंबर
उद्या नक्की.

९ नोव्हेंबर
लग्न झालं. जेवताना दिवे मंद झाले तेव्हा मी टेबलाखाली शिरायच्या बेतात होतो. पडदा उजळला. पहिलं पाऊल. शाळा. आजोबांचा खांदा. सगळं होतं. मी हमसून हमसून रडलो, पाहुण्यांना वाटलं लेक चालली म्हणून. यू-फेनने माझ्या ताटलीत मासा वाढता वाढता सांगितलं की कुणीच काही पुसलं नव्हतं. डबा घरात आला त्याच दिवशी तिने क्लाउडचं वर्षाचं भाडं आगाऊ भरलं होतं. शिन-याला माहीत, सासूबाईंना माहीत, आजच झालेल्या जावयालाही माहीत. घरच्यांनीच दगा दिला. परका असता तर इतकं लागलं नसतं.

१० नोव्हेंबर
क्लाउडवरच्या त्या घरच्यांच्या अल्बममध्ये मलाही घ्या म्हटलं. शिन-याने लगेच घेतलं. मला फक्त बघता येतं. काही पुसायचं असेल तर सासूबाईंना विचारायचं.