एक्कावन्नावा फोटो

सोमवार, ६ ऑक्टोबर

आला एकदाचा तो कॉम्प्युटर! मॅमोग्राम बघून म्हणे सांगणार, कुठल्या बाईला पुढे स्तनाचा कॅन्सर व्हायचा धोका किती — दहापैकी आकडा देऊन. आमच्या डॉक्टर टॉर्केलचं तोंड कडू. तीस वर्षं इथल्या, स्वीडनमधल्या एस्टरसुंडच्या बायकांचे फोटो वाचले, आता या डब्याकडे शिकवणी लावू का, म्हणाला. मी म्हटलं, लाव पैज. हरेल त्याने हिरव्या मार्झिपानचा, बदामाच्या लगद्याचा केक आणायचा.

मंगळवार, ७

टॉर्केल आणि डबा, दोघांच्या परीक्षेसाठी जुने पन्नास फोटो निवडून काढायचं काम माझ्याकडे. नावं झाकायची. त्या बायकांचं पुढे काय झालं ते फक्त मला ठाऊक. निवडता निवडता अंगातला किडा वळवळलाच. अडीच वर्षांपूर्वीचा माझाच फोटो घुसडला मध्ये — एक्कावन्नावा! तेव्हा टॉर्केलनेच तो ‘स्वच्छ’ ठरवला होता. आता दोघांचीही फिरकी.

यंदाच्या तपासणीचं माझं बोलावणं एप्रिलपासून फ्रिजवर चिकटलंय. रोज तीस बायकांना मॅमोग्रामच्या मशीनच्या पाट्यांमध्ये दाबते मी. मला कसली तपासणी!

गुरुवार, ९

टॉर्केलने सगळे वाचले. माझ्या फोटोपाशी जरा थांबला. चष्मा पुसला. ‘स्वच्छ’ लिहून पुढे गेला. मी कॉफीच्या कपात तोंड खुपसून हसत होते. एकसष्टी झाली तरी खोड जात नाही.

शुक्रवार, १०

कॉम्प्युटरने मला दहापैकी दहा दिले. शाळेत कधी मिळाले नाहीत! गाढव आहे डबा.

दुपारी — राहवलं नाही, म्हणून यादी बघितली. दहा मिळालेल्या आणखी पाच जणी. त्यातल्या चौघींना पुढे कॅन्सर झाला.

शनिवार, ११

फ्रिजवरचा कागद काढला. परत लावला. घाबरलेय मी, दुसरं काय.

सोमवार, १३

शेजारच्या मशीनवरच्या मायलिसला सगळं सांगून टाकलं. वाटलं, झापेल. तिने फक्त दाराकडे बोट केलं. “आत हो. वरचे कपडे काढ.”

मग माझीच रोजची वाक्यं मला ऐकवली बयेने — खांदा सैल सोड, दोनच मिनिटं, काही दुखत नाही. काही दुखत नाही म्हणे! डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि त्या पाट्या किती गार! इतक्या वर्षांत एकाही बाईने मला सांगितलं कसं नाही? सांगितलं असणार. मीच गप्पा मारत असेन.

बुधवार, १५

टॉर्केलने माझा नवा फोटो वाचायला नकार दिला. उमेओ शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवला. मी चिडवलं, का रे, नजर गेली का? एरवी एकाला दोन टोले देणारा माणूस, पुढचा फोटो उघडून बसला.

सोमवार, २०

गाठ आहे. डावीकडे, सात मिलिमीटर. लवकर सापडली, काढून टाकता येईल म्हणतात.

टॉर्केल दार लावून माझ्यासमोर बसला. “तो एक्कावन्नावा फोटो तुझा आहे हे मी बघताक्षणीच ओळखलं होतं,” म्हणाला. “बावीस वर्षं वाचतोय तुझे फोटो. डावीकडे नजर अडकली होती माझी. दुसरी कुणी असती तर लगेच परत बोलावलं असतं. तुझा होता, तुझ्यात काही निघेल हे मानायला मन धजेना, म्हणून ‘स्वच्छ’ लिहिलं. परवाही, आणि अडीच वर्षांपूर्वीही.”