उजव्या विंगेतला आवाज

३ डिसेंबर, पवनी
लाखनीहून सामानासकट पोहोचले. इथलं बंद पडलेलं थिएटर पुन्हा सुरू करायचंय, आणि नाटक बसवायला मालकांनी मला बोलावलंय. इतकी वर्षं गावोगाव मांडवात कामं केली, पक्कं थिएटर पहिल्यांदाच मिळालं. मेकअपच्या खोलीत खाट टाकली आहे. बाल्कनीच्या खांबांवर सोनेरी रंग थोडाथोडा टिकून आहे. दरबाराच्या पडद्यावरचा राजा उंदरांनी गळ्यापर्यंत खाल्लाय, तरी मिशीचा पीळ कायम. मला हसूच आलं. रविवारी बाबा गुड्डीला घेऊन येतील. माझी सात वर्षांची पोर, आईचं थिएटर पाहायचा हट्ट धरून बसली आहे.

४ डिसेंबर
दुपारी एकटीच रंगमंचावर उभी राहून आवाज कसा घुमतो ते पाहत होते. उजव्या विंगेतून कुणी हळूच वाक्य दिलं, "मी आता कुठं जाणार?" आम्ही झाडीपट्टीतले नाटकवाले संवाद पाठ करत बसत नाही. प्रॉम्प्टर देतो तो शब्द उचलायचा. मी सवयीनं उचलला, चांगले हातवारे करून. चौकीदार तुलाराम थट्टा करतोय असं वाटलं. विंगेत डोकावले तर रिकामी खुर्ची. तुलाराम बाहेर अंगण झाडत होता.

५ डिसेंबर
तुलारामला सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, केशवराव प्रॉम्प्टर त्याच खुर्चीवर गेले, चालू नाटकात, अंक अर्धा टाकून. "तुमी शब्द काहून उचलला बाई? आता अंक पुरा झाल्याबिगर तो सोडत नाही." मी त्याला वेड्यात काढलं. मग चहा मागायला तोंड उघडलं, तर आधी कानाशी कुजबुज आली आणि तेच माझ्या तोंडून निघालं, "मी इथंच राहते." फार भीती वाटते.

६ डिसेंबर
सामान बांधलं. दारापाशी कुजबुज आली, थांबते. मी म्हटलं, थांबते. पाय हलेनात. तुलाराम सकाळपासून फिरकला नाही.

७ डिसेंबर
बाबांना फोन लावला. गुड्डीला आणू नका, एवढंच सांगायचं होतं. कुजबुज आधी— तिला लवकर आणा, तिचं काम आहे. मी तेच म्हटलं. गोड आवाजात, हसत. बाबा खूश. म्हणाले, पहिल्याच गाडीनं येऊन राहिलो. साधा फोन त्यांचा, मेसेज उघडता येत नाही. माझ्याच तोंडानं मी पोरीला—

८ डिसेंबर
बोलणं त्याचं. लिहिणं अजून माझं. हे पान बाबांच्या हातात देईन. बाबा, गुड्डीला उचला आणि पळा. माझ्यासाठी थांबू नका.

आले. मी रंगमंचावर, वही हातात, पाय जागचे हलत नाहीत. पान कसं— बाबा दारात चपला काढताहेत. गुड्डी पुढं धावली— नको— पायऱ्या चढली—

विंगेतून कुजबुज. या वेळी वाक्य माझं नाही.
"आई, मला पण काम दे."
गुड्डीनं तिकडं मान वळवली. हसली. शब्द उचलायला घरी मीच शिकवलंय तिला— नको गं— ती तोंड उघडते—