शेवटचं कडवं

५ ऑगस्ट, मंगळवार
अन् वरून म्हणते, भाषा असभ्य! कोणाची भाषा असभ्य गा? कार्यक्रमाच्या परवानगीसाठी आमच्या गाण्याच्या मंडळाची अकरा गाणी देल्ली होती. दहा पास. 'ऊन कोणाचं'वर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. खाली शेरा 'भाषा असभ्य', अन् सही परल्हादची. आमच्या परल्हादची! सात वर्षं महाल भागातल्या माह्या खानावळीत जेवला, ताटासमोरच कविता करे. आता सांस्कृतिक खात्यात साहेब आहे. (पुढं नुसतं प. लिहीन, हात दुखते.)
अन् रेघ मारली कोणत्या गाण्यावर? त्यानंच लिहिलेल्या!
मधु ढोलकीवाल्याले कागद दाखवला. पाहतच राह्यला. म्हणे, "वयनी, याले वेड लागलं का आपल्याले?"
गिऱ्हाइकाले भातावर वरणाच्या जागी ताक वाढलं. त्यानं बी गुपचाप खाल्लं.

६, बुध
चौथीपर्यंतची साळा माही. अक्षर अक्षर लावून गाणं पुन्हा वाचलं.
साहेब बसला सावलीत माह्याच झाडाच्या
अन् मलेच पुसते, ऊन कोणाचं?
याच्यात असभ्य काय? नरखेडकडं माह्या बापाच्या संत्र्याच्या बागेतून सरकारनं रस्ता काढला, तवा मी वाढता वाढता रडून राहिली होती. प.नं ताट सरकवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याच्या पाठीमागं लिहून काढलं. पान पेटीत आहे. आज काढून पाह्यलं. हळदीचं बोट माहं, अक्षर त्याचं.

७, गुरु
चूक माही बी आहे. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव घेतात. इतकी वर्षं 'परल्हाद म्हणे' करूनच हे गाणं संपवलं. परवानगीले कागद देतानी ते कडवं मीच काढून टाकलं. म्हटलं, सरकारी नोकरी आहे त्याची, नाव दिसलं तं वरचे छळतील. मधु तवाच बोलला, "नाव काढलं तं गाणं लुळं होते, वयनी." मी त्याले चूप बसवलं.
म्हणून त्याले गाणं ओळखू नसंन आलं? पण आपलं लेकरू काय टोपी काढली की ओळखू येत नाही?
मागं याच खात्यानं दोन पोरींचं नाटक बंद केलं, तवा बी सही याचीच होती. पोरी रडल्या माह्यापाशी. तवा मीच म्हटलं, त्याच्यावर दबाव असंन. कोणत्या तोंडानं म्हटलं?

११, सोम
मी अन् मधु प.च्या ऑफिसात गेलो, रामदासपेठेत. पाऊण तास बाकावर.
"या, कुसुमताई, बसा."
ताई! सात वर्षं वयनी होती मी.
"बाकीची गाणी छान आहेत. तुमच्यासारख्या साध्या कलावंतांना कोणीतरी भडकवतं. या गाण्याचा कवी कोण? नाव लेखी द्या. कारवाई त्याच्यावर होईल, तुमच्यावर नाही."
मधु तोंड उघडून राहिला होता. मी त्याच्या पायावर पाय देल्ला.
"तुम्हाले खरंच माहीत नाही?"
"मला कसं माहीत असणार?"
डोळ्यात पाह्यलं त्याच्या. भेव नाही, शरम नाही. चहा आला. बशीत ओतून फुर्रकन प्याला, खानावळीत पेत होता तसा. तेवढा एक घोट परल्हाद दिसला. मंग पुन्हा साहेब.


१२, मंगळ
विसरला का खोटं बोलला? विसरला असंन तं माह्या बापाची बाग बी विसरला. खोटं बोलला असंन तं
नाही लिहवत.
दुपारी ऑफिसातून कागद आला. कवीचं नाव पुढच्या मंगळवारपर्यंत नाही देल्लं तं सगळाच कार्यक्रम रद्द. मधु म्हणे, "देऊन टाका नाव! पाहू तं, सोतावर कशी कारवाई करते." हसला. मले हसू नाही आलं. नाव देल्लं तं त्याची नोकरी जाते, नाही देल्लं तं आमची सगळीच गाणी.

१३, बुध
चिठ्ठी पाठवली. मीच लिहिली, मधुले हात नाही लावू देल्ला. तीच इथं उतरवून ठेवते.
"परल्हाद, तुले कवीचं नाव लेखी पाह्यजे. येत्या सोमवारी बारा वाजता खानावळीत जेवाले ये. कॅलेंडरचं पान ताटाजवळ ठेवते. त्याच्यावर नाव तू लिहितो का मी लिहू, तेवढं सांग. नाही आला तं मंगळवारी तुह्या ऑफिसच्या पायरीवर उभी राहून शेवटचं कडवं म्हणीन. वयनी."