फूरीला दिलेलं उत्तर

पार्सिपनी, २२ ऑगस्ट २००५

दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

ज्याच्या बाउन्सरने तुझा डोळा गेला, तो साउथ आफ्रिकेचा फूरी इथे रविवारच्या लीगमध्ये खेळतो. आता नुसती स्पिन टाकतो. काल अंपायरिंग आमच्या टीमकडे होतं. पाय रेषेच्या आत असूनही मी त्याला सात नोबॉल दिले. तो पुन्हा मागे जाऊन टाकत राहिला.

मॅचनंतर जवळ आला. "तू पुण्याचा ना? तिथे एका बॅट्समनचा डोळा मी फोडला. नंतर फास्ट टाकायला हातच उचलेना, टीममधून काढलं. कसा आहे तो?"

"त्याच वर्षी वारला. माझा भाऊ होता."

तो गवतावर बसून रडला. मला बरं वाटलं.

त्याने घरचा पत्ता घेतलाय. आईला सांत्वनाचं पत्र येईल. पोस्टमन आला की तूच पुढे हो.

तुझा,
यतीन