दाक्षायणीची साखर

१२ जानेवारी १९३७
फेफरं नाहीच! होटगीच्या शरणम्माची चार महिन्यांची पोर, दाक्षायणी. रोज झटके. गावात कुणीतरी पोटावर डागलंयसुद्धा — हात मोडले पाहिजेत त्याचे! आज झटका चालू असतानाच रक्त काढलं. साखर जवळजवळ नाहीच. शिरेतून ग्लुकोज दिलं, तर पोर टक्क डोळे उघडून बघायला लागली. आनंदाच्या भरात गोदावरी नर्सवर उगाच ओरडलो.

हिचं स्वादुपिंड नको तेवढं इन्सुलिन करतंय आणि ते सगळी साखर फस्त करतंय. घरच्यांना सांगितलं, झटका आला की गुळाचं पाणी पाजा. पण असं किती दिवस? मेंदू जाईल पोरीचा. कापायलाच हवं.

१४ जानेवारी
संक्रांत. अमेरिकेतल्या मासिकातला लेख पुन्हा वाचला. तिथं तान्ह्या पोरावर हे ऑपरेशन झालंय, मग सोलापुरात का नाही? सगळे म्हणतात मुंबईला पाठवा. गाडीतच जाईल ती! मीच करणार. हात चांगला आहे माझा, उगाच विनय कशाला?

१६ जानेवारी
आजी, नीलम्मा, अडून बसली. पोरीच्या गळ्यातलं शिवलिंग अंगावेगळं करायचं नाही — प्राण गेला तरी! म्हटलं, बरं, पायाला बांधा.
"अय्यो शिवा! पायाला?"
असं बघितलं तिनं, की मीच खुर्चीतून उठलो. शेवटी स्पिरिटनं पुसून दंडाला बांधायचं ठरलं. मग म्हणाली, "आता कापा की!"

१८ जानेवारी
केलं! स्वादुपिंड बहुतेक सगळं काढलं, एक तुकडा तेवढा ठेवला. जास्त ठेवलं असतं तर झटके पुन्हा आले असते. अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे.

२३ जानेवारी
एकही झटका नाही. शरणम्मा रडली, हसली, परत रडली. आज छाती काढून वॉर्डात फिरलो.

२४ जानेवारी
लघवीत साखर! घाबरलो क्षणभर. मग गोदावरीनं आजीला पकडलं — कापडाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी पाजत होती, अजूनही! मी भडकलो. ती शांत.
"साकर कमी हाय म्हून तुमीच सांगितलं न्हवं? मग ग्वाड दिलं तर काय बिगडलं?"
कप्पाळ! हसूच आलं. गूळ बंद. लघवी साफ होणार, शंकाच नाही.

२५ जानेवारी
गूळ नाही, झटकाही नाही. शाबास दाक्षायणी!

२८ जानेवारी
पोर घटाघटा पिते, दुपटी सारखी ओली. लघवी तपासली — साखर. गोदावरीला म्हटलं, परत कर. साखर दुप्पट निघाली!
मुंबईला इन्सुलिनसाठी तार केली. आता हिला ते रोज टोचायचं, जन्मभर. मीच जास्त कापलं.
बाहेर शरणम्मा विचारतेय, घरी कधी न्यायचं. मला खुर्चीतून उठवत नाही.