झाकणासह मोजणी

प्रिय मिमी,

अर्ध्या मिलिमीटरसाठी वर्कशॉपशी भांडायचीस म्हणून मीच ठेवलेलं हे नाव. बावीस वर्षांनी पुन्हा लिहितेय. गुडघे कसे आहेत? माझे लिफ्ट बंद असली की रुसतात.

तुझी लेक आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. तुझ्यासारखीच केसांत पेन्सिल खोचते आणि मग ती टेबलभर शोधते.

मोबाइल टॉवरवरचा आपला पहिला रेडिओ आठवतो? सर्किट माझं, त्यावरचं धातूचं झाकण तुझं. इतक्या उच्च फ्रिक्वेन्सीला झाकण केसभर खाली आलं तरी सर्किट बिथरतं, हे तू सगळ्यांना समजावत फिरायचीस. मला रोज बजावायचीस, बाई गं, झाकण लावूनच मोज. त्याला बेचाळीस स्क्रू. मी म्हणायचे, याच्यापेक्षा आमच्या सासूबाईंचं कपाट लवकर उघडतं. तू खो खो हसायचीस.

मग टॉवरवर चढवलेले रेडिओ एकेक करून बिघडू लागले, लोकांचे कॉल तुटू लागले. चौकशीच्या बैठकीत साहेबांनी माझा तक्ता पुढे ठेवला. झाकणासह मोजणी, सर्व ठीक. म्हणजे सर्किट ठीक, तुझ्या ड्रॉइंगमधलंच माप चुकलं म्हणून पुढची झाकणं खाली बसली, असं ठरलं. तू तक्ता पाहिलासही नाहीस. हिने मोजलंय ना, मग माझंच चुकलं असणार, एवढंच म्हणालीस. मी तक्ता परत फाइलमध्ये लावला. महिन्याभरात तू राजीनामा दिलास, ड्रॉइंगचं कामही कायमचं सोडलंस.

आपण एका बाकावर बसायचो त्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक लगेच सांगितली तर ती चूकच राहते, लपवली की तिचं पाप होतं. मिमी, मी झाकण लावलंच नव्हतं. मुदत संपत आली होती. उघड्यावरच मोजलं आणि तक्त्यात ‘झाकणासह’ लिहून टाकलं. तुझं माप बरोबर होतं. सर्किट माझं कच्चं होतं, नीट बसलेलं झाकणही त्याला सोसत नव्हतं.

काल तुझ्या लेकीने तो जुना अहवाल मागितला. म्हणाली, आईने सांगितलंय, माझं कुठे चुकलं ते आधी बघ, म्हणजे तुझं चुकणार नाही. मी तिला सांगितलं, सापडत नाही. तो माझ्याच खणात होता. आज त्यातल्या तक्त्याच्या पानावरच खरं काय ते लिहून सही केली, आताच्या साहेबांना प्रत दिली. सोमवारी तो तिच्या हातात देईन. तिच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ड्रॉइंग तू सोडलं नाहीस गं. मी सोडायला लावलं.

‘तुझीच’ लिहायला कचरणारी,
तुझी बाकावरची शेजारीण